समोरच्या डाव्या चाकाची स्प्रिंग

शहात्तर-सत्त्याहत्तर सालची गोष्ट असेल. ह्यांनी एका रविवारी गाडीच्या समोरच्या डाव्या चाकाची स्प्रिंग आणि धक्के शोषणारा शॉकअब खोलून ठेवले, आणि मंगळवारी ह्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पुढे आठ महिने प्रताप नगरच्या आमच्या अंगणात गाडी विटांवर उभी, सुटं सामान व्हरांड्यात पोत्याखाली, आणि सगळ्यांची राखणदार मी. धंतोलीचे डॉक्टर दर खेपेला "हात येईल, धीर धरा" म्हणत. धीर मीच धरत होते; ह्यांना फक्त गाडी दिसत होती. ती चाकांवर उभी राहिली की आपण पुन्हा चालवू, हे ह्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. मिस्त्रीला बोलावू म्हटलं की तोंड फिरवून बसत. शेवटी एका सकाळी मीच पदर खोचला. रोजच्या भांडणापेक्षा ते सोपं वाटलं.

सोपं कसलं! स्प्रिंगला दोन बाजूंनी हुकाचे लांब बोल्ट लावून ती दाबायची, आतून शॉकअबचा दांडा वर काढायचा, त्यावर झाकण बसवून नट आवळायचा. हे खुर्चीवरून सांगत होते.

"एक आटा इकडे, एक आटा तिकडे. घाई नको करू वं, तिरपी झाली तर उडते ते."

"करून राहिली ना मी!"

तासभर आटे फिरवले. तळहाताला फोड आले. खरं सांगते, मधेच वाटलं, उडाली तर उडू दे एकदाची. नट आवळला, हुक काढले आणि तिथंच फरशीवर बसकण मारली, तर हे म्हणाले, "वरचं रबर कुठी गेलं?"

झाकणाखाली जाड रबरी चकती लागते, नाहीतर लोखंडावर लोखंड आपटतं. मी पोतं झटकलं, गाडीखाली आडवी होऊन पाहिलं. मग आठवलं, सुरुवातीला मीच ती ह्यांच्याकडे धरायला दिली होती. चकती ह्यांच्या डाव्या मुठीतच होती. तासभर होती, आणि ह्यांना कळलंच नव्हतं.

एकेक बोट सोडवून मी चकती काढून घेतली. पुन्हा हुक लावले, पुन्हा तेच आटे. या खेपेला हे आपल्या डाव्या हाताकडेच बघत होते.

सगळं चाकामागे चढवून विटा आणि जॅक काढेपर्यंत दुपारचे दोन वाजले. गाडी सरळ उभी राहिली. गियर डाव्या हातानंच टाकावा लागतो, हे आम्हा दोघांनाही आधीपासून माहीत होतं. ह्यांनी उजव्या हातानं सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली.

"हे तूच ठेव. अन् चालवाले शिकून घे. मले नाही जमणार आता."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. मला शिकायची केवढी हौस, पण ह्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. त्या दुपारी हे आपणहून किल्ली देत होते, आणि ती घ्यायला माझा हात पुढे होईना.