वेणूबाई आणि दत्तोपंतांचं लुगडं

नाटक कंपनीचं एक असतं मंडळी. प्रत्येक गावाला काहीतरी सामान हरवायचं आणि एक किस्सा वाढायचा! मी पायपेटी वाजवायचो, म्हणजे सगळ्यांकडे पाहत बसायची हक्काची जागा. त्यामुळे माझ्याकडे साठा जरा जास्तच झालाय. त्यातले निम्मे एकट्या वेणूबाईंचे.

तेव्हा आमच्या मुलखात निजामाचा अंमल होता. हिरोईनचं काम पुरुषांनीच करायचं, ही जुनी रीत. आमच्याकडे ते दत्तोपंत करायचे. वर्षानुवर्षं लुगडं नेसून त्यांचं पोट सुटलं, तेव्हा मालकांनी धीर करून वेणूबाईंना आणलं. पण मालकांचं मन डळमळीतच. पहिल्याच रिहर्सलला म्हणाले, "बाई, हा दौरा बघू. लोकांना रुचलं नाही, तर तुम्ही घरी आणि दत्तोपंत पुन्हा लुगड्यात."

वेणूबाई तंबोरा लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लुगडं खुशाल द्या त्यांना. गळा कुठून आणणार?"

दत्तोपंतच सगळ्यांत मोठ्यानं हसले!

*

कुरुंद्याला वेगळीच पंचाईत. लोकांनी नाटकात बाई म्हणून आजवर पुरुषच पाहिलेला. खेळ झाला आणि दुसऱ्या दिवशी चार बाया बिऱ्हाडावर हजर. "रातची राणी बाप्या हाय का बाई? आमची पैज लागली हाय."

वेणूबाई म्हणाल्या, "बाई आहे हो, बघा की."

"तसं कसं कळंल? भाकर थापून दाव."

आता वेणूबाईंचं सगळं आयुष्य गाण्याच्या तालमीत गेलेलं. बसल्या परातीपुढे. पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच मधोमध फाटली. दुसरीचा नकाशा झाला. शेजारी दत्तोपंत बसलेले, त्यांना काही ते बघवेना. त्यांनी पीठ ओढलं आणि चंद्रासारखी भाकरी थापली. तव्यावर टम्म फुगली!

त्या चौघींतली म्हातारी उठली. वेणूबाईंकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्यो बाप्या!" आणि दत्तोपंतांच्या पाठीवर हात फिरवत, "ही खरी बाई!"

आम्ही हसून हसून लोळलो. मालक मात्र हसले नाहीत. दत्तोपंतांकडे असे निरखून पाहत राहिले की मला वाटलं, लुगडं आता परत त्यांच्याकडेच जाणार.

*

हिंगोलीच्या अमीनसाहेबांचा, म्हणजे निजामाच्या फौजदाराचा, किस्सा ऐका. नाटकात सरकारविरुद्ध काही नाही ना, हे त्यांना तपासायचं होतं. त्यांना मराठी वाचता येईना आणि मालकांना उर्दू. दोघंही घामाघूम! शेवटी वेणूबाई पुढे झाल्या. "साहेब, वाचता कशाला? ऐका."

मला खूण केली आणि यमनातलं पद सुरू. अमीनसाहेबांनी आधी टोपी काढली, मग डोळे मिटले. पद संपलं.

"बराबर है," साहेब म्हणाले. "मगर ठीकसे समझा नहीं. फिरसे सुनाव!"

परवानगी मिळायच्या आधीच वन्स मोअर मिळवणारी दुसरी नटी मी पाहिली नाही. अभिमान वाटला हो तेव्हा.

*

साखऱ्याला मात्र आमचे हिरो गणपतराव अडचणीत आले. नाटकात राजपुत्र नायिकेला रानात सोडून जातो. वेणूबाईंनी असा काही टाहो फोडला की मेंढरं राखणाऱ्या बायासुद्धा पदर डोळ्याला लावून बसल्या.

सकाळी गणपतराव विहिरीवर पाणी प्यायला गेले. एका बाईनं भरलेली घागर मागं ओढली. "काहून सोडलं रे तिला? तवा तकलीफ न्हाई झाली? आता पानी मागून राहिला!"

शेवटी वेणूबाईंना जावं लागलं. म्हणाल्या, "द्या हो मावशी. तिसऱ्या अंकात मी माफ केलंय त्यांना."

"तू केलं आसंल," मावशी म्हणाली, "आमी न्हाई केलं!"

*

दौऱ्याचा शेवटचा मुक्काम जवळा बाजार. आठवडी बाजाराचा दिवस, गाड्यांवर गाड्या येऊन राहिलेल्या, आणि गणपतरावांना थंडीताप! मालक खेळ रद्द करायला निघाले.

वेणूबाई म्हणाल्या, "थांबा. गणपतरावांची सगळी पदं मला पाठ आहेत. फेटा आणा."

"आणि हिरोईन?"

"दत्तोपंत आहेत की."

मालकांचा चेहरा खुलला. त्यांना हवं होतं ते आयतंच चालून आलं. मी पेटीवर बसलो खरा, पण मनात म्हटलं, बाईनं आपल्या हातानं आपली जागा घालवली.

वेणूबाईंची एंट्री झाली. मिशी, फेटा, कमरेला तलवार. पहिली तान घेतली आणि मंडप गप्प झाला. दत्तोपंत बिचारे गोड लाजत होते, पण त्यांच्याकडे बघतंय कोण!

सकाळी आम्ही चहा पीत बसलो होतो. वेणूबाई बाजूला केस वाळवत होत्या. तेवढ्यात एक जमीनदार पाटील भावकीला घेऊन आले. हातात नारळ. मालकांपुढे बसले.

"रातचा राजपुत्र कोन्या गावचा हाय? आमची एकुलती एक पोरगी हाय. जमीन हाय, इहिरीला पानी हाय. पोरगं बराबर वाटलं, घरजावई करून घेतो. तेवढं नाटक सोडाया लागंल त्याला."

दत्तोपंतांना ठसका लागला. वेणूबाईंचा हात केसांतच थांबला. त्या मालकांकडे पाहत होत्या, हसत नव्हत्या.

मालकांनी बशी खाली ठेवली आणि हात जोडले.

"पाटील, बाकी कंपनीतला कोणीही मागा. हे पोरगं आम्ही सोडणार नाही!"