तीन नंबरची ओळ

"ही आपल्या मेसची मावशी," सर माइकवर म्हणाले. "अडाणी माणसाच्या हातात इंटरनेट गेलं की काय होतं, त्याचं हे चालतंबोलतं उदाहरण. मावशी, भिंतीकडं काय बघता? पोरींकडं तोंड करा."

मी तोंड केलं. समोर तीनशे पोरी. माझ्या हातात चहाची किटली. नांदेडहून मॅडम आल्यात, त्यांना चहा घेऊन वर या, एवढाच निरोप मला होता. मी गेले आणि सरांनी मला स्टेजवर उभं केलं. किटली कुठं ठेवायची ते कुणी सांगितलं नाही. ती तशीच हातात राहिली. तापलेली.

सरांनी मोबाइलचं बटण दाबलं. वरच्या चार स्पीकरांतून माझाच आवाज माझ्या अंगावर आला.

"पोरींनो, पळा! हातातलं टाका अन् खाली या! भूकंप होनार हाय, भिंतीपासून लांब व्हा, पळा गं!"

हॉल हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी माझ्यासारखंच ओरडलं, "पळा गं!" त्यावर अजून हसू. सरांनी आवाज थांबवला, पोरींना पुरतं हसू दिलं आणि विचारलं, "अजून ऐकायचंय?"

"हो सऽऽर!"

मी खाली बघितलं. मला राग आला नव्हता. खरं सांगते. मला लाज वाटत होती, कारण चूक माझीच होती.

लातुरात जिथं बारावीचे आणि नीटचे क्लास आहेत, तिथं या सरांच्या क्लासच्या मुलींच्या होस्टेलात मी स्वयंपाक करत होते. चौदा वर्षं. शिक्षण चौथी. मराठी वाचता येतं, सावकाश. इंग्रजी येत नाही. सरांच्या बायकोनं तिचा जुना फोन मला दिला होता. त्यात सगळं इंग्रजी. पोरींनी मला एकच गोष्ट शिकवली होती. माइकचं चित्र दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. मेसचा ग्रुप होता, त्यात मी रोज तेवढं करायची. "पोरींनो, आज पिठलं-भाकरी हाय. येळेवर या. गार झाल्यावर मला नावं ठेवू नका." पोरी उत्तरात हसणारी तोंडं पाठवायच्या. निलंग्याच्या, देगलूरच्या, कुठकुठल्या पोरी. आईपेक्षा माझाच आवाज त्यांच्या कानावर जास्त पडायचा.

ते घडलं तेव्हा त्यांच्या परीक्षेला पंधरा दिवस राहिले होते. चारचा चहा झाला होता. मी पीठ चाळत होते. फोन वाजला. गावाकडच्या भाचसुनेनं मेसेज पाठवला होता. मराठीत होता म्हणून वाचला. आज संध्याकाळी पाच ते सहाच्या दरम्यान लातूर भागात मोठा भूकंप होणार आहे, घरात थांबू नका, जास्तीत जास्त लोकांना कळवा. खाली सिंहांचा सरकारी शिक्का. वर दोन बाण होते आणि बारीक इंग्रजी अक्षरं. त्या बाणांचा अर्थ मला ठाऊक नव्हता. हा मेसेज एका माणसानं दुसऱ्याला लिहिलेला नाही, पुष्कळ हातांनी नुसता पुढं ढकललेला आहे, असा त्याचा अर्थ. तो मला नंतर कळला.

पाचला दहा मिनिटं होती. मी कुणाला विचारलं नाही. भाचसुनेला साधा फोनसुद्धा केला नाही. माइकचं चित्र दाबलं आणि ओरडले.

मी तो मेसेज तसाच पाठवला असता तर पोरी हसल्या असत्या. त्या शिकलेल्या आहेत. पण आवाज माझा होता. रोज जेवायला बोलावणारा. त्या आवाजावर त्या पळाल्या. पळता पळता त्यांनी तो शेजारच्या होस्टेलांत पाठवला. दहा मिनिटांत गल्ली भरली. कुणी अनवाणी, कुणी ओल्या केसांनी, कुणी हातात नुसतं हॉलतिकीट घेऊन. आमच्या जिन्यात चाकूरची प्रगती पडली. तिच्या अंगावरून चार जणी गेल्या. पायाचं हाड मोडलं.

सहा वाजले. सात वाजले. जमीन हलली नाही.

प्रगतीची आई दवाखान्यात आली. रानातून तशीच आली असावी, घोट्यापर्यंत माती होती. मी दवाखान्याच्या जिन्याशी उभी होते. ती म्हणाली, "मावशी, तुमी सांगितलं म्हनून पळाली ती. दुसऱ्या कुनी सांगितलं असतं तर जागची उठली नसती." ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. प्रगतीनं पुढं प्लास्टरमधल्या पायानं परीक्षा दिली. पेपर कसा गेला ते विचारायचं तोंड मला नव्हतं.

मी विचारलं का नाही? थांबले का नाही? हे मला चौकशीला आलेल्या पोलिसानं विचारलं, सरांनी विचारलं. मी "चुकलं" एवढंच म्हटलं. पुढचं इथं लिहिते.

किल्लारीच्या पलीकडं आमचं गाव होतं. होतं म्हणते, कारण आता ते दुसऱ्या जागेवर आहे. भूकंपाच्या आधी वर्षभर तिथली जमीन गुरगुरत होती. उतरंडीची भांडी वाजायची. जाणती माणसं म्हणायची, काही होत नाही, उगाच अफवा उठवू नका. माझी लेक गोदी तेव्हा आठ वर्षांची. ज्यांच्या रानात आम्ही राबायचो त्या मालकांच्या घरी त्यांचं लेकरू सांभाळायला राहायची. मालकांचं घर दगडी भिंतींचं, वर मातीचं माळवद. आमचं गावाच्या कडेला, बांबूच्या तट्ट्याचं, वर पत्रा. दगडी घर आमच्या वाट्याला नव्हतं.

गणपती बोळवले त्या दिवशी दिवेलागणीला पायाखाली परत कुरकुरलं. मला राहवेना. मी मालकांच्या दारात गेले. दारातच. कामाशिवाय आत जायची रीत आम्हाला नव्हती. म्हटलं, "बाईसाब, गोदीला आजच्या दिस घरला नेते. जीव घाबरायलाय."

मालकीण पाहुण्यांसमोर म्हणाली, "तुझ्याच पोरीला जीव हाय का गं? आमची लेकरं हितंच निजत्यात न्हवं? लई शहाणी झालीस. जा."

पाहुणे हसले. मला लाज वाटली. लाज वाटली म्हणून मी मागं फिरले. गोदी आतून बघत होती, कडेवर त्यांचं लेकरू.

पहाटेच्या आधी ते घर खाली बसलं. त्या घरातलं कुणी निघालं नाही. मालकीणही नाही. आमचं तट्ट्याचं घर उभं होतं.

हे सांगून माझी चूक धुऊन निघत नाही. गोदी गेली म्हणून प्रगतीचा पाय मोडायचा हक्क मला मिळत नाही. मी एवढंच म्हणते, की ज्या कुणी घरात बसून तो मेसेज बनवला, त्याला आमची दुखरी जागा नेमकी ठाऊक होती. लातूरच्या माणसाला भूकंप म्हणायचं. तो विचार करत नाही. पळतो.

तर मी स्टेजवर उभी. सरांनी माझा आवाज दुसऱ्यांदा लावला. या वेळी मध्ये थांबवला नाही. "पळा गं" च्या पुढं अजून काहीतरी होतं. मला ते माहीत नव्हतं. धाप लागल्याचा आवाज. मग माझाच आवाज, बारीक.

"गोदे, ऊठ. ऊठ गं बाई. चल घरला."

हे मी कधी बोलले मला आठवत नाही. बोट चित्रावरच राहिलं असणार.

हॉल फुटला. "गोदी कोन गं?" "मावशे, गोदीला उठीव की!" सर हसून हसून डोळे पुसत होते. म्हणाले, "गोदी बहुतेक अजून झोपलेलीच आहे."

मी किटली खाली ठेवली. स्टेजवर, त्यांच्या बुटाशेजारी.

माझ्या मागं पांढऱ्या पडद्यावर नांदेडच्या मॅडमचा धडा होता. मी येण्याआधी त्यांनी तो शिकवला होता. इंटरनेटवर कसं वागावं. मोठी मराठी अक्षरं, ओळींना नंबर. मी पडद्याकडं वळले.

"सर, मला अडानी म्हनालात. तीन नंबरचं वाचते."

मी बोट लावून वाचलं. चौथीत गुरुजी वाचायला उभं करायचे तसं.

"कोणाचाही... फोटो, आवाज... किंवा व्हिडिओ... त्या व्यक्तीच्या... पर... परवानगी... परवानगीशिवाय... पुढे पाठवू नये."

'परवानगी'ला अडखळले तेव्हा एक पोरगी फिसकन हसली. ओळ संपली तेव्हा कुणी हसत नव्हतं.

"मला कुनी इचारलं?" मी म्हटलं.

सर म्हणाले, "मावशी, हे आपण शिकवण्यासाठी वापरतोय. चूक तुमची, आणि वर तुम्हीच—"

"चूक माझीच हाय. एक नंबरची वळबी म्या वाचली. खात्री केल्याबिगर पुढं पाठवू नये. ती माझ्यासाठीच लिव्हलीय. म्या खात्री केली न्हाई. प्रगतीचा पाय माझ्यामुळं मोडला. हे म्या पोरींला सांगायले, माझ्या तोंडानं. तुमी माझा आवाज लावून त्यांला हसवायचं न्हाई."

मी मॅडमकडं बघितलं. त्या पेनाचं टोपण काढत होत्या, घालत होत्या. म्हटलं, "वळ तुमचीच हाय न्हवं?" मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं, मावशी." पण माइक बाजूला धरून म्हणाल्या. मला ऐकू आलं. हॉलला नाही.

पुढच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, "मावशी, गोदी कोण?" ती हसत नव्हती. पण तिच्या हातात फोन होता आणि तो माझ्याकडं धरलेला होता.

"फोन खाली ठेव," मी म्हटलं. "गोदी तुज्या फोनात यायची न्हाई."

किटली तिथंच सोडून मी खाली आले. स्वयंपाक केला. त्या दिवशी जेवताना पोरी माझ्याकडं न बघता ताटं घेऊन गेल्या. त्यांनाही काहीतरी लागलं असेल, नसेलही. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी ऑफिसात बोलावलं. आवाज गोड. खुर्ची दिली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "मावशी, एक छोटा व्हिडिओ करू. 'मी चुकले, माझ्यासारखं करू नका,' एवढंच म्हणा. मागं क्लासचा बोर्ड दिसेल असं उभ्या राहा. समाजात चांगला संदेश जाईल."

मी म्हटलं, "करू की. तुमीबी माझ्या शेजारी उभे राहा. म्या म्हनते, म्या चुकले. तुमी म्हना, म्याबी चुकलो."

खुर्चीवरून मला उठवलं नाही. फक्त म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

तोपर्यंत माझा आवाज क्लासच्या बाहेर गेला होता. कुणीतरी त्याला ठेका लावला. 'पळा गं, पळा गं' दोनदा, मग 'गोदे ऊठ' तीनदा. नवऱ्याच्या पुतण्याच्या लग्नात त्यावर पोरं नाचली. ती नवरीकडची होती. आवाज कुणाचा ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी मांडवातच होते. खाली मान घालून जेवले. परत एकदा मागं फिरले, असं समजा. त्या जेवणाची लाज मला अजून आहे.

घरी आल्यावर मी फोन हातात घेतला आणि भाचसुनेला बोलावलं. म्हटलं, यातलं सगळं मला दाखव. फोनची भाषा मराठी करता येते, हे मला पासष्टी ओलांडल्यावर कळलं. इतक्या वर्षांत कुणाला सांगावंसं वाटलं नव्हतं. दोन बाणांशेजारी काय लिहिलेलं असतं ते वाचलं. आता आलेला मेसेज मी वाचते, पाठवणाऱ्याला फोन करते, तुला कुणी सांगितलं म्हणून विचारते. बहुतेकांना उत्तर येत नाही. मग तो माझ्यापाशीच मरतो.

लाज गेलेली नाही. पण ती आता मी दोन ठिकाणी ठेवते. प्रगतीच्या पायाची माझी. ती मरेपर्यंत मी बाळगणार, त्यात कुणाचा वाटा नाही. माझ्या लेकीच्या नावावर हसण्याची माझी नाही. ती ज्याची त्याला नेऊन द्यायची.

मागच्या महिन्यात मी निलंग्याच्या एसटीत बसले होते. पुढच्या सीटवर नवरा-बायको. इस्त्रीचा शर्ट, चांगल्या नोकरीतला माणूस. त्याच्या फोनमधून ठेका आला. पळा गं, पळा गं. दोघं हसले. मी उठले, दांडा धरला.

"भाऊ, त्यो आवाज माझा हाय. पुसून टाक."

त्यानं मला वरखाली बघितलं. "आवं मावशी, गंमत हाय. साऱ्या दुनियेत फिरायलंय ते. माझ्या एकट्याचं पुसून काय होनार?"

"तुज्या फोनातलं पुसंल."

"बसून घ्या मावशी, पडाल," कंडक्टर म्हणाला. मी बसले नाही. गाडी हिंदकळत होती. त्याची बायको म्हणाली, "टाका की पुसून, सगळे बघायलेत." त्यानं पुसलं. मी वाकून बघितलं, खरंच पुसलं का ते. मग विचारलं, "तुला कुनी पाठवलं?"

त्यानं फोन खिशात घातला. मी तशीच उभी. शेवटी त्यानं नाव सांगितलं. औशात दुकान आहे म्हणाला.

माझं तिकीट निलंग्याचं होतं. मी कंडक्टरला म्हटलं, औशाला उतरव. उतरले आणि दुकान विचारत निघाले. त्या दुकानदाराला कुणी पाठवलं ते तो सांगेल. मग मी तिथं जाईन.