स्वखुशीने बदललेला झंपर

"बाई, झंपर काळा हाय तुमचा. काढा."

लातूरच्या सभेच्या मैदानावर, बायकांच्या गेटवर उभ्या असलेल्या महिला पोलिसाने मला हे सांगितलं. तिच्या पायाशी काळ्या कपड्यांचा ढीग होता. ओढण्या, रुमाल, छत्र्या, एका तान्ह्या पोराचं टोपडं. कोणी काळं फडकं दाखवून सभेला येणाऱ्या मंत्रीसाहेबांचा निषेध करू नये, म्हणून काळं काहीच आत जाऊ द्यायचं नव्हतं. ओढणी काढून ठेवता येते. झंपर काढून बाई कशी जाईल, याचा विचार आदेश देणाऱ्याने केला नव्हता.

मी देवणी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. बारा वर्षं झाली. प्रत्येक सेविकेने सभेला वीस बायका आणायच्या, मांडवात बसल्यावर त्यांचा फोटो ग्रुपवर टाकायचा, असा ऑफिसचा निरोप होता. फोटो आला नाही तर नोटीस. काळं घालू नका, हेही त्यात होतं. मी ते घरोघर जाऊन सांगितलं होतं. आमच्याकडे काळा झंपर कुठल्याही लुगड्यावर चालतो, म्हणून प्रत्येकीकडे एक असतोच. त्या सकाळी बसमध्ये चढताना मी वीस जणींचे झंपर तपासले. स्वतःचा तपासला नाही.

मी पोलीस बाईला विचारलं, आता उघडी जाऊ का? तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"वरून आदेश हाय, ताई. मी तरी काय करू? माझीबी नोकरीच हाय."

परत फिरावं तर वीस जणी गेटच्या आत माझ्यासाठी थांबल्या होत्या आणि फोटो बाकी होता. एका कार्यकर्त्याने पांढरा टी-शर्ट आणून दिला. छातीवर साहेबांचा हात जोडलेला फोटो. कपडे बदलायला पत्र्याचा आडोसा होता. दोन पत्र्यांच्या फटीतून मला पुरुषांची रांग दिसत होती. म्हणजे रांगेलाही मी दिसत असणार. मी झंपर काढला. टी-शर्ट घातला, वरून पदर घेतला. पदर पातळ होता. त्यातून साहेब दिसत होते.

साहेब आले. बायकांच्या सन्मानावर बोलले. मी फोटो टाकला.

परतीच्या बसमध्ये आमच्या गल्लीतली चंद्रकलामावशी मोठ्याने म्हणाली, "काय गं बाई, साहेबाला पार काळजाशी धरलंस की."

सगळी बस हसली. मीही हसले. त्या दिवसातलं बाकी सगळं मी कोणाला तरी सांगू शकते. ते हसणं सांगताना अजून जीभ अडते.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ फिरला. रांगेतल्या कोणीतरी काढलेला. मी आडोशात जाते आणि टी-शर्ट घालून बाहेर येते, एवढंच त्यात आहे. चेहरा स्पष्ट आहे. दुपारी सुपरवायझर मॅडम अंगणवाडीत आल्या. मुलं खिचडी खात होती. मॅडमनी टाइप केलेला कागद पुढे केला. उन्हाचा त्रास होत असल्याने मी स्वखुशीने कपडे बदलले, कोणीही सक्ती केली नाही, असं त्यात होतं. खाली सही करायची आणि मोबाईलसमोर एकदा वाचून दाखवायचं. दोन मिनिटांचं काम, असं त्या म्हणाल्या. माझ्या नवऱ्यालाही त्यांनी बोलावून घेतलं होतं. तो दारातच उभा राहिला.

"कर की सही," तो म्हणाला. "झालं ते झालं. जीव गेला का कुणाचा?"

मी कागद दोनदा वाचला. त्यात खरं होतं ते फक्त माझं नाव. मी मजकुरावर रेघ मारली आणि खाली लिहिलं: झंपर पोलिसांनी काढायला लावला. मी नाही म्हणाले नाही, कारण मला नोकरीची भीती होती. ही सक्तीच आहे. मग सही केली.

"हे काय करायलात, ताई?" मॅडम म्हणाल्या. "हे मी वर कसं दाखवू?"

"जसं हाय तसं दाखवा."

चार दिवसांनी नोटीस आली. शासकीय कार्यक्रमाची बदनामी केली, सेवा समाप्त का करू नये, खुलासा द्या. बसमधल्या बायकांना ग्रामपंचायतीत बोलावलं गेलं. आम्ही काही पाहिलं नाही, असं वीसही जणींनी लिहून दिलं. मावशीने अंगठा लावला. तिचं नाव घरकुलाच्या यादीत आहे. मी तिला विचारायला गेले नाही. नवरा ताट उचलून बाहेर ओट्यावर जेवतो. मुलांच्या आया मला बघून रस्ता बदलत नाहीत, फक्त बोलत नाहीत.

सोमवारी लातूरला सुनावणी आहे. बरोबर कोणी येणार नाही. नोकरी राहील असं मला वाटत नाही. ती गेली तर घर कशावर चालेल, याचा हिशेब मी रोज मांडते. तो जुळत नाही. काल मॅडमचा निरोप आला की खुलाशात दिलगिरीचं एक वाक्य घाला, प्रकरण मिटवून घेऊ.

खुलासा लिहून झाला आहे. ते वाक्य त्यात नाही. सोमवारी अधिकाऱ्यांनी समोर बसवून सांगितलं तरी मी ते लिहिणार नाही.