आयुधपूजेतली पाहुणी

काकाच्या टेलरिंग दुकानात एक जपानी मुलगी यायची. योगा शिकायला मैसूरला आलेली, दुपारी आमच्याकडे पिशव्या शिवायची, काका पगार द्यायचा. मग नियम एकदम कडक झाले. परवाना नसलेल्या विदेशी माणसाला कामाला ठेवलं तर मालकावरच केस! तिचा तर टुरिस्ट व्हिसा. काका म्हणाला, "ये, कॉफी पी, सुम्ने, नुसती बस. मशीनला हात नको लावू."

आणि त्याच आठवड्यात आयुधपूजा, नवरात्रातली अवजारांची पूजा! आमच्यात जो ज्या मशीनवर बसतो, तोच तिची पूजा करतो. ती शेवंतीची माळ घेऊन सरळ आपल्या मशीनजवळ गेली.

"अय्यो, तू पाहुणी ना गं," काका म्हणाला. "दे, मी घालतो."

"काका, मी पाहुणी नाही." तेवढं मराठी तिला येत होतं.

तिने माळ घातली तर ती इथे कामाला आहे हे बघणाऱ्याला कळणार, आणि केस झाली तर दुकान बंद, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. काकाने माळ घेतली, मशीनला घातली आणि पाहुणीचा मान म्हणून प्रसाद पहिला तिलाच दिला. तिने तो ओंजळीत धरला, खाल्ला नाही. नियम चूक होता असं मी आजही म्हणत नाही, पण त्या दिवशी माझाही प्रसाद हातातच राहिला.