भावाच्या नावावर गेलेला डोळा

भिकन माळीला सुरतच्या मिलमध्ये कोणी भिकन म्हणून ओळखत नव्हतं. तिथे तो सुकदेव होता. सुकदेव त्याचा थोरला भाऊ, मिलमधली कायमची जागा त्याची. पंच्याऐंशी साली बापाला अर्धांगवायू झाला आणि सुकदेवला पारोळ्याकडच्या गावी परतावं लागलं. आता कायमची जागा सोडायची? आमच्या खानदेशी माणसांत असला गाढवपणा कोणी करत नाही. भावाची जागा भाऊ धरतो. मुकादमाच्या घरी एक कोंबडं पोहोचलं आणि दुसऱ्या दिवसापासून भिकन सुकदेवच्या यंत्रमागावर, सुकदेवच्या हजेरीवर, सुकदेवच्या कामगार विम्याच्या कार्डावर कामाला लागला. यात काही वावगं आहे असं नवागामच्या आमच्या वस्तीत कोणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर मॅट्रिक झालेला, वस्तीचे अर्ज लिहून देणारा शहाणा.

त्र्याण्णव साली, सुरतेत प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षी, मागावरचा धोटा उसळला आणि भिकनचा उजवा डोळा घेऊन गेला. एका डोळ्याच्या माणसाला मागावर कोण ठेवतो? मिलने त्याला घरी बसवलं. कामावर अंग गेलं तर विम्याकडून जन्मभर दरमहा काही मिळतं, हे मीच त्याला सांगितलं. अर्ज मीच लिहिला, अर्थात सुकदेवच्या नावाने. डोळा नाही हे आंधळ्यालाही कळत होतं, पण ते सरकारी कागदावर यायला चौदा महिने लागले. डॉक्टरांच्या मंडळाने वय विचारलं तेव्हा या बाबाने स्वतःचं सांगितलं. मी खोकलो. मग त्याने पाच वर्षं वाढवली. डॉक्टर हसले, अडाणी माणूस म्हणून सोडून दिलं, आणि सुकदेव पुंडलिक माळी जन्मभराचा अपंग ठरला. खरा सुकदेव तेव्हा गावी दोन धड डोळ्यांनी कापूस वेचत होता.

दरवर्षी एक हयातीचा दाखला भरायचा, एवढीच अट. माणूस जिवंत आहे असं लिहायचं, सही घ्यायची, कचेरीत द्यायचं.

शहाण्णव साली सुकदेवच्या पायाला विळा लागला. धनुर्वात झाला आणि आठ दिवसांत तो गेला. दहाव्याला भिकन गावी होता. डोकं भादरलेलं, डोळ्याला पाणी, आणि त्याच तोंडाने त्याने वहिनीला, मंगलाबाईला, म्हटलं, "ग्रामसेवकले सांगू नका. मना पैसा बंद व्हई जाई, वर पोलिस." तिने मान हलवली. नवरा जाऊन दहा दिवस झालेली बाई दुसरं काय करणार? हे मला त्याने परतल्यावर सांगितलं तेव्हा मला त्याची किळस आली. तरी त्या वर्षीचा दाखलाही मीच भरला.

दोन वर्षांनी मंगलाबाई सुरतेला आली. दम्याने तिची छाती पेटीसारखी वाजत होती. मजुरीला तिला आता कोणी बोलवत नव्हतं. निराधार विधवांना सरकार दरमहा काही देतं म्हणून ती तहसीलला चार खेपा घालून आली होती. तिथला साहेब म्हणाला, नवरा मेल्याचा दाखला आण. मेल्याची नोंदच नव्हती. तिला नोंद करता आली असती, कोणाच्या बापाची परवानगी लागत नव्हती. पण दिराला शब्द दिला होता, तो मागे घ्यायला ती आगगाडीत बसून आली होती. असली माणसं आमच्यात अजून निघतात, आणि मरतात ती अशीच.

भिकनच्या खोलीत आम्ही चौघं होतो. त्याची बायको छाया साड्यांचे धागे कापत बसली होती. योगायोग असा की मी त्या वर्षीचा दाखला भरून सहीसाठी आणला होता. तो भिकनपुढे पडला होता.

मंगलाबाई म्हणाली, "भाऊजी, मना कपायवर कुकू नही. कागदवर मी सवाशीन शे. आते तेस्ले मरू द्या."

भिकनने डोळ्याच्या रिकाम्या खोबणीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "डोया तं मना गया ना, वहिनी. दोन पोरी शेतस. तेस्ले काय खावाडू?"

छायाने कात्री थांबवली नाही. इकडे आड, तिकडे विहीर. मला वाटलं, आता हा कागद फाडेल. फाडावा असंही वाटलं, आणि फाडू नये असंही. त्याने पेन घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर जुळवत, भावाच्या नावाची सही केली.

मंगलाबाईने पिशवी उचलली. तिला स्टेशनवर सोडायला मीच निघालो. विम्याची कचेरी वाटेतच होती, म्हणून तिला सोबत घेऊनच खिडकीशी गेलो. दुसरी खेप वाचवायची होती मला, याहून मोठं कारण नव्हतं.

कारकुनाने कागद पाहिला. "माणस हयात छे ने?"

"छे," मी म्हटलं.

त्याने माझ्यामागे पाहिलं. "आ बेन कोण?"

"एमना घरना."

मंगलाबाईने पदर कपाळावर पुढे ओढला. बायको सोबत आहे म्हटल्यावर कारकुनाने पुढे काही विचारलं नाही. शिक्का मारला.