चेंबरची पुट्टी आणि धाकटी जाऊ

परंड्यात बस स्टँडच्या रस्त्याला आमचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हा मालकांना माल आणायला बाहेरगावी जावं लागायचं, म्हणून मला गल्ल्यावर बसवलं. बसता बसता मी शिकत गेले. गिऱ्हाईक तुटका तुकडा काउंटरवर ठेवायचं, मिस्त्री लोक आपसात बोलायचे, मी ऐकायचे. पण घरात याचं कुणाला काही नव्हतं. सासऱ्यांच्या लेखी मी दुकान सांभाळत होते, म्हणजे दुकानाला कुलूप नव्हतं एवढंच.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं. जाऊ जळकोटची. बापाला मुलगा नव्हता, म्हणून ही लहानपणापासून ट्रॅक्टर चालवायची. लग्नाला महिना झाला नसेल, सासऱ्यांचा ड्रायव्हर आला नाही. हिनं पदर खोचला आणि ट्रॅक्टर सुरू करून अंगणातून असा वळवून काढला की सासरे चहाची बशी हातात धरून उभेच राहिले. त्या ट्रॅक्टरची किल्ली ते कनवटीला लावून झोपायचे. स्वतःच्या पोरांना द्यायचे नाहीत. ती किल्ली त्यांनी हिच्या हातात ठेवली.

त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही. पारावर, दळणाच्या गिरणीत, पाहुण्यांत, जिथं जातील तिथं मामा, म्हणजे सासरे, सांगायचे, "आमची धाकटी म्हंजे गडी हाय गडी." मी पोळ्या वाढत असायचे आणि ऐकायचे. रानातून ट्रॅक्टरचा आवाज आला की मी हातातली पोळी जरा जोरातच लाटायचे. तिचा स्वभाव वाईट असता तर बरं झालं असतं. पण ती येता-जाता "अक्का, अक्का" करायची, माझ्या आधी उठून चूल पेटवायची. राग धरायला जागाच ठेवायची नाही.

ज्वारीच्या पेरणीचे दिवस होते. रानाला वापसा आलेला, माती पेरणीपुरती ओली, आज पेरलं तर साधेल अशी. बांधाजवळ वळताना ट्रॅक्टरखाली मोठा दगड आला आणि इंजिनाच्या खालचं ऑइलचं चेंबर त्याच्यावर आदळलं. चेंबर बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. त्याला चीर गेली. ट्रॅक्टर धाकटीच चालवत होती.

शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं ओढून तो अंगणात आणला. मला वाटलं, आता तरी मामा दोन शब्द बोलतील. माझ्या हातून साधी कपबशी फुटली तरी दिवसभर ऐकावं लागायचं. पण मामा लोकांना काय सांगत होते? "तेल सांडताना दिसल्याबरोबर पोरीनं इंजिन बंद केलं. दुसरा कुणी असता तर इंजिन जाम करून ठेवलं असतं." मोडलं तिनं, आणि कौतुकही तिचंच!

मिस्त्री येऊन बघून गेला. त्याचं म्हणणं, चेंबर खाली उतरवायचं, बार्शीला नेऊन वेल्डिंग करायचं. बीडाला वेल्डिंग नीट बसेलच असं नाही, आणि तोवर वापसा निघून जाणार. मालक माल आणायला पुण्याला गेलेले. दीर नोकरीवर. मामा अंगणात येरझाऱ्या घालत होते.

दुपारी धाकटी दुकानात आली. हात तेलानं काळे, तोंड उतरलेलं.

"अक्का, पुट्टीनं चीर बुजंल का? माझे वडील ती कणकेवानी मळायची कांडी लावायचे. लगेच वाळती."

मी फळीवरून तीन डबे काढून तिच्यासमोर मांडले. एक गाडीचा पत्रा भरायची. ती नुसती दिसायला. तेलापुढं टिकत नाही. दुसरी तिच्या वडिलांची मळायची कांडी. आणि तिसरी, लोखंडाची पूड घातलेली, दोन ट्यूबांची.

"कांडी पाण्याच्या पाइपाला ठीक," मी म्हणाले. "चेंबरातलं तेल भाजून काढणारं असतं. वर इंजिन दिवसभर हादरतं. घाईची पुट्टी घाईनंच सुटती. ही तिसरी घे. हिला वाळायला रात्र लागती, पण वाळली की बीडाला धरून बसती."

"पण मामा थांबायचे न्हाईत."

"थांबतील. तू सांगितलं तर थांबतील." हे मी जरा कडूच बोलले. तिला ते कळलं की नाही, कुणास ठाऊक.

खरं तर ट्यूबा तिच्या हातात देऊन मी गल्ल्यावर बसू शकत होते. पण पुट्टी निवडणं अर्धंच काम असतं. खाली तेलाचा ओशटपणा राहिला तर सगळ्यात चांगली पुट्टीसुद्धा पापडासारखी निघते. मी दुकानाचं शटर ओढलं आणि तिच्या मागोमाग घरी आले.

पोतं अंथरून आम्ही दोघी ट्रॅक्टरखाली शिरलो. उरलेलं तेल काढलं. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ड्रिल आणून चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे चीर पुढं पळत नाही. कानशीनं चीर थोडी उघडली, पॉलिश पेपरनं रंग खरवडून पांढरं लोखंड काढलं, आणि थिनरच्या फडक्यानं पुसत राहिलो, फडकं कोरं निघेपर्यंत. मी सांगत होते, ती करत होती. एकदाही तिनं "का?" विचारलं नाही.

पुट्टीचे दोन्ही भाग एकजीव करताना ती मधेच म्हणाली, "अक्का, मला तुमचा लई हेवा वाटतो."

माझा हात थांबला. "माझा? कशाचा गं?"

"दुकान तुमचं हाय की. लोक तुमच्याकडं येतात, तुमाला विचारतात. माझं काय? ट्रॅक्टर मामांचा, रान मामांचं. उद्या किल्ली काढून घेतली तर मी पुन्हा चुलीपुढं."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मनात आलं, माझ्याजवळ तेवढं एकच आहे, त्यावरही हिची नजर! मी म्हणाले, "दाब नीट, हवा राहील आत," आणि तिच्या बोटांच्या बाजूनं माझ्या बोटांनी चीर बुजवत गेले.

संध्याकाळपासून मामा सुरू झाले. "झालं का? टाकू का तेल?" मी आतूनच सांगितलं, "उद्या, मामा." त्यांनी ऐकल्यासारखं केलं नाही. धाकटी म्हणाली, "उद्या, मामा." ते जाऊन बाजेवर पडले.

सकाळी मी नखानं टोचून बघितलं. पुट्टीचा दगड झाला होता. तेल ओतलं, धाकटीनं इंजिन सुरू केलं, आणि मी खाली वाकून चिरेवरून बोट फिरवलं. कोरडं. ट्रॅक्टर तापेपर्यंत मी तिथंच बसून राहिले, पुन्हा बोट फिरवलं. कोरडं ते कोरडंच. त्याच दिवशी पेरणी उरकली.

जेवायला बसल्यावर मामांनी पुण्याला फोन लावून मालकांना मोठ्यानं सांगितलं, "मिस्त्रीनं हात टेकले होते. धाकटीनं चेंबर दुरुस्त केलं!"

धाकटी पुढं झाली. "न्हाय मामा, म्या फक्त हात लावला. अक्कांनीच केलं सगळं. पुट्टीबी त्यांनीच निवडली."

मामांनी फोन बाजूला धरला आणि माझ्याकडं बघून हसले. "बघ थोरले, याला म्हंत्यात मोठं मन. केलं स्वतः आन नाव जावंचं घेतीया."

मी भाजीचं पातेलं उचललं आणि आत गेले. आत जाऊन काही करायचं नव्हतं. नुसती उभी राहिले. तिनं खरं सांगितलं तेही तिच्याच खात्यावर जमा झालं. यापुढं माणसानं करावं तरी काय?

यावर्षी उन्हाळ्यात मामा दुकानात आले. ते दुकानात कधी येत नाहीत. गिऱ्हाइकासारखे काउंटरपुढं उभे राहिले.

"मडगार्डला गंजून भोक पडलंय. त्या टायमाला धाकटीनं लावली तीच पुट्टी दे."

"ती न्हाय चालायची, मामा."

"का? चेंबर अजून गळत न्हाय."

"चेंबर बीडाचं, जाड. मडगार्डचा पत्रा पातळ, सारखा थरथरतो. कडक पुट्टी तडकून उडून जाईल. ह्याला काचेच्या धाग्याची लागंल, मागनं जाळी देऊन."

मामांनी मी पुढं ठेवलेला डबा उलटासुलटा करून बघितला. मग माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत असं बघितल्याचं मला आठवत नाही.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"दुकान माझं हाय, मामा."

त्यांनी धाग्याची पुट्टी आणि जाळी पिशवीत घातली आणि पायरी उतरताना म्हणाले, "बरं. धाकटी लावंल रानातनं आल्यावर."

"धाकटी न्हाय," मी म्हणाले. "मी लावते. तुम्ही पत्रा धरायला थांबा." आणि शटर ओढून त्यांच्या मागं निघाले.