नायिकेचा थोर गुण

निजामाचं राज्य गेल्यावर उमरग्याच्या आमच्या शाळेत उर्दू जाऊन मराठी आली, त्याला दोनेक वर्षं झाली असतील. आम्हाला एक जुनं नाटक होतं. त्यातला राजा बायकोला टाकतो आणि ती शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही. गुरुजी तिचं स्वभावचित्रण सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो : नायिका सोशिक आहे, मौन हा तिचा थोर गुण आहे.

थोर गुण कसला! तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. एवढंच सांगायला मी हात वर केला.

शाळा हैदराबादच्या रस्त्याला लागून होती. ट्रक आला की गुरुजी थांबायचे, आवाज विरला की पुढचं वाक्य सांगायचे. माझ्यासाठी मात्र थांबले नाहीत. "हात खाली कर. आधी लिहून घे."

पुन्हा हात वर केला. पुन्हा तेच. संतापानं टाकाचं टोक मोडलं.

पुढं एकदा बाजारात गुरुजी वडिलांना म्हणाले, "पोरगी लई गुणाची हाय तुमची. वर्गात कधी तोंड उघडत न्हाय."

वडील खूश झाले. मी तोंड उघडलं, तर म्हणाले, "मोठी माणसं बोलताना मधी बोलू नये."